बानं दाखवलेलं पाणी

कुरुंद्याच्या स्टँडवर बस लागली तेव्हा माय रडून राहिली होती आणि बा हसून राहिला होता. सुमे, तू मायच्या पदराशी उभी होतीस. "रडती काहून?" बा मायला म्हणाला. "लेक पाण्याकडं चालली. तिला कशाची तकलीफ?" जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याची लेक समुद्राच्या गावी चालली, याचा त्याला केवढा तोरा!

पहिलं वर्ष मी येड्यावानीच काढलं. रिसॉर्टच्या रूमा साफ करायला मी, बागेत तुझे दाजी. पोहायचा तलाव, दिवसभर भिजणारं लॉन, रूमारूमात टब. भरून तसंच सोडून दिलेलं पाणी बघितलं की जीव नुसता जळायचा. आपल्या गल्लीत टँकर आला की कशा भांडायच्या बाया!

मग एका उन्हाळ्यात रिसॉर्टची बोर आटली. दाजींनी मॅनेजरला सांगितलं, आमचे सासरे पाणाडे हायेत. बा आला, चपला काढल्या, तळहातावर नारळ आडवा ठेवून कंपाउंडभर फिरला. काकीच्या कुंपणापाशी नारळ ताडकन उभा राहिला. काकी म्हणजे आमची घरमालकीण. तिच्याच विहिरीचं पाणी आमी पितो. मशीन लागली. पाणी लागलं, थोडंच, पण गोड. तिथंच थांबायचं ना! पण पाणी कमी पडलं की आपल्याकडं माणूस काय म्हणतो? बाही तेच म्हणाला, "अजून खाली घ्या." काकी कुंपणाआडून ओरडली, "खाली दर्या आसा रे बाबा!" मशीनच्या आवाजात ऐकतो कोण? भसाभसा पाणी आलं. मालकानं बाला शाल घातली. तुमी घरात फोटो लावलाय ना, तोच तो दिवस.

यंदा शिमगा झाल्यावर काकीनं तांब्या तोंडाला लावला आणि थांबली. "पाणी खारा लागता गो." मला वाटलं, म्हातारीची जीभ गेली. आता माझ्याही जिभेला लागतं. डाळ शिजत न्हाई. विहिरीकाठच्या पोफळी शेंड्याकडून वाळून राहिल्या. शेजारच्या बाया सकाळी आपापल्या विहिरीचं पाणी चाखतात आणि थुंकून टाकतात. बोर मात्र चालूच, पाणी कमी होतच न्हाई. कसं होईल बाई? खालून समुद्रच येऊन राहिला. मला लई भीती वाटते.

बा फोनवर विचारतो, "माझ्या बोरला पाणी हाय ना?" मी म्हणते, "हाय बा, लई हाय." खोटं कुठं बोलते?

आता मालक ओढ्यापलीकडं दुसरं रिसॉर्ट बांधून राहिला. तिकडच्या विहिरी अजून गोड हायेत, आमी तिथूनच प्यायचं पाणी आणावं म्हणत होतो. तर त्यानं बाला परत बोलावलं. आज तुझा फोन आला, बा शाल पांघरून बसमध्ये बसला म्हणून.

फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, आता तिकडंच घर वाटतं का गं? सुमे, दारात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं, मग बोलावं, हे मायनं शिकवलं. ज्या दारात तो तांब्या बिनघोर देता येतो, ते घर. माझं होतं इथं तसं.

उद्या बा येईल. मी आधी काही बोलणार न्हाई. काकीच्या विहिरीचा तांब्या भरून त्याच्या हातात देईन, आणि तो पिईस्तोवर समोर उभी राहीन.