परदेशी कॅसेट आणि पाचोडचा ड्रमर

इम्रान आणि मी भेटलो की चहा थंड होतो. आमच्या ब्यांडचं स्वतःचं गाणं एकही निघालं नाही, किस्से मात्र दर भेटीत वाढतातच!

*

सगळ्याचं मूळ एक कॅसेट. इम्रानचे मामू वेरूळला गाइड. लेणी बघून निघताना एका गोऱ्या पाहुण्यानं ती त्यांना देऊन टाकली. कुठल्याशा हार्ड रॉक ब्यांडचा पहिलाच अल्बम. पहिलं गाणं लागलं आणि इम्रानचे अब्बा आतून धावत आले, "अरे, किसकू मार रे तुम लोगां?"

आम्ही मात्र तिथंच ठरवलं, इंजिनिअरिंग गेलं उडत, आपणही असा अल्बम काढायचा!

*

ड्रमर हवा होता. आमच्या वर्गातला दत्ता पाचोडचा, धनगराच्या घरचा. जत्रेत ढोल वाजवायचा. त्यानं डोळे मिटून अख्खी कॅसेट ऐकली आणि म्हणाला, "वाजवतो लई भारी. पण ह्याच्या मागं कुत्रं लागलंय का?"

थोड्याच दिवसांत तोही तस्साच वाजवायला लागला!

*

दुष्काळ होता. सिडकोत नव्या बिल्डिंगी उठत होत्या आणि नळ कोरडे. एका सोसायटीची जमिनीखालची मोठी टाकी रिकामीच पडलेली. आवाज असा घुमायचा की बस! प्रॅक्टिस तिथंच. इम्राननं आमची पहिली धून बांधली, टेपरेकॉर्डर लावला, अर्धं गाणं झालं आणि वरून सोसायटीतले काका ओरडले, "पोरांनो, निघा! टँकर आलाय!"

बायका हंडे घेऊन हसत होत्या. पाणी आलं म्हणून तोंड पाडून उभे असलेले अख्ख्या औरंगाबादेत आम्ही तिघंच!

*

चारा मिळेना, म्हणून दत्ताच्या घरची मेंढरं विकली गेली. त्यानं कॉलेज सोडलं आणि वाळूजला एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागला. मशीननं त्याच्या उजव्या हाताची बोटं घेतली.

दवाखान्यात आम्ही दोघं त्याला भेटायला गेलो. तोच म्हणाला, "माझ्यापायी अल्बम थांबवू नका रं."

थांबलाच.

*

इम्रान दुबईला गेला. बऱ्याच वर्षांनी आला, तेव्हा आम्ही पाचोडला दत्ताकडं गेलो. ओसरीवर त्याची आई शेजारणीशी बोलत बसलेली. तिला आता दिसत नाही. इम्राननं मोबाइलवर तोच परदेशी अल्बम लावला.

म्हातारी बोलायची थांबली. कान देऊन ऐकत राहिली. मग शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, "आमचा दत्ता वाजवतोय! सुट्टीत घरी आला की हेच वाजवायचा. दत्ता, तुझी कॅसेट निघाली व्हती व्हय रं?"

इम्राननं माझ्याकडं बघितलं.

दत्ता म्हणाला, "व्हय आई. निघाली की!"