रफूवाले भाऊ आणि त्यांची कणसं

समोरच्या दारातले रफूवाले भाऊ साप रंगवतात, ही बातमी आमच्या इमारतीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचायला एक दुपार पुरली. म्हणे, ते लॉन्ड्रीत बसतात, तिथे रंगाच्या पुड्या असतात. घरी येताना एखादी खिशातून आणतात, बादलीत कालवतात आणि साप शेपटीला धरून बुचकळून काढतात. लाल, करडा, पिवळा, हवा तो. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर बादलीसुद्धा पाहिली होती.

बादली खरी होती. तिच्यात भाऊंचे पायमोजे भिजत होते. बाकी सगळं खोटं, आणि हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण बातमी माझ्याच दारातून निघाली होती. मी फक्त “रंगवत असतील बाई” एवढंच म्हटलं होतं. पुढचं तिखटमीठ जिन्याने लावलं.

खरी गोष्ट अशी. भाऊ लॉन्ड्रीच्या काउंटरमागे, एक खुर्ची आणि एक दिवा मावेल एवढ्या जागेत, वीस वर्षं रफू करत बसलेत. कोटाला कसरीने भोक पाडलं की आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे दोरे उपसायचे आणि भोकावर एकेक दोरा उभा-आडवा विणायचा. एकदा पाळीव प्राण्यांच्या दुकानाचा मालक आपला कोट न्यायला आला आणि भोक कुठे होतं ते त्यालाच सापडेना. तो इतका खूश झाला की शेपटीला बाक असलेला, कोणी नेत नसलेला एक साप त्याने भाऊंना भेट दिला. लोक मिठाई देतात, ह्याने साप दिला.

ह्या जातीला कॉर्न स्नेक म्हणतात. विष नाही, फणा नाही, चावला तरी टाचणी टोचल्याइतकं. पोटावर मक्याच्या दाण्यांसारखे चौकोन असतात, म्हणून भाऊंच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्यांचं नाव कणसं ठेवलं. “आज कणसांना जेवण आहे,” असं त्या म्हणाल्या की समजायचं, छोट्या फ्रिजमधला गोठवलेला उंदीर बाहेर निघणार. त्यांच्याकडे बर्फ मागायला मी एकदाच गेले.

एकाची दोन झाली, दोनाची वीस. मागच्या खोलीत भिंतीला लागून फडताळ, त्यात पारदर्शक डबे, प्रत्येक डब्यात भुसा, पाण्याची वाटी आणि लपायला पुठ्ठ्याचं नळकांडं. डब्याच्या कडीला लॉन्ड्रीतल्या कपड्यांना लावतात तसली कापडी चिठ्ठी. तिच्यावर आई कोण, बाप कोण, कधी अंड्यातून निघाला. आमच्या ह्यांना स्वतःच्या आत्याची मुलं किती हे सांगता येत नाही, पण भाऊंना सापांच्या चार पिढ्या पाठ.

रंगाचं गुपित त्यांनी मला असं समजावलं: “ताई, आजोबांचं नाक मुलाला येत नाही आणि नातवाला येतं ना? नाक मधल्या काळात कुठे गेलेलं नसतं. मुलाच्या पोटात दडून बसलेलं असतं.” सापांचे रंग तसेच दडतात. दडलेला रंग आई आणि बाप दोघांकडे असला तरच एखाद्या पिल्लाच्या अंगावर फुटतो.

भाऊंना हवा होता फिका जांभळा साप, आणि तोही ठिगळांशिवाय. ह्या सापांच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत तांबडे चट्टे असतात, त्यांना भाऊ ठिगळं म्हणतात. रफूवाल्याला ठिगळ म्हणजे शिवीच. काही सापांना चट्ट्यांच्या जागी सरळ लांब रेघा असतात, धावदोरा घातल्यासारख्या. एक जांभळी मादी आणि एक रेघांचा नर त्यांनी पिल्लं म्हणून आणले, तीन वर्षं वाढवले, जोडी लावली. अख्खी इमारत बघायला गेली. तेरा पिल्लं निघाली आणि तेराच्या तेरा साधी, तपकिरी-नारिंगी, पाठभर ठिगळं. आम्ही हसून घेतलं. मी म्हटलं, “भाऊ, धोब्याने कपडे बदलले वाटतं.” ते म्हणाले, आत आहे सगळं, थांबा. त्यातली तीन ठेवली, एक नर आणि दोन माद्या, आणि आणखी तीन वर्षं थांबले.

इतकं थांबून झाल्यावर माझा पाय त्यांच्या घरात पडला.

वहिनींच्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. दोघं आठ दिवस गेली आणि किल्ली माझ्याकडे आली. काम एवढंच: रोज वाट्यांत पाणी, घाण दिसली तर तेवढी उचलायची. डबा धुवायची वेळ आलीच तर साप कापडी पिशवीत ठेवून तोंड बांधायचं. आणि भाऊंनी दोनदा बजावलं होतं, “एक डबा उघडा असताना दुसरा उघडायचा नाही.”

पहिल्या दिवशी मी दारातूनच पाण्याला नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातले जाड हातमोजे घालून एकाला उचललं. आणि पाचव्या दिवशी मला शहाणपण सुचलं. मधल्या फळीवरचे सहा डबे कळकट वाटले. एकेक धुवत कोण बसणार? मी घरून माझा विटलेला जांभळा अभ्रा आणला, सहाही साप त्यात घातले, तोंड बांधलं, डबे साबणाने लख्ख घासले, पुसले आणि साप परत ठेवले. सहा घातले होते, सहा निघाले. मी स्वतःवर बेहद्द खूश. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण बैलाला ते लगेच कळत नाही.

कळलं ते भाऊ परत आल्यावर. बुधवारी चहा पिताना ते सहज म्हणाले, मधल्या फळीवरचे सहा म्हणजे दोन घरची पोरं. डावीकडची तीन आपली, जांभळ्याच्या घरची. उजवीकडची तीन साध्या जोडीची, ती रविवारी दुकानवाला नेणार आहे. “दिसायला सगळी सारखीच,” भाऊ म्हणाले, “चिठ्ठीवरूनच ओळखायचं.”

मी कप तसाच ठेवून घरी आले.

दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. आमच्या ह्यांनी ताप बघितला. लोकांच्या घरची गोष्ट मी अर्ध्या तासात पोचवते, पण स्वतःची सांगायला दोन दिवस पुरेनात. गप्प बसले असते तर कोणाला पत्ताही लागला नसता. रविवारी चुकीची तीन गेली असती, भाऊंनी उरलेल्यांची जोडी लावली असती आणि जन्मभर साधीच पिल्लं मोजत बसले असते. साठीला टेकलेला माणूस. आणखी सहा वर्षं काय, लॉन्ड्रीतून रंगासारखी पुडीत मिळतात?

शनिवारी दुपारी लॉन्ड्रीत गेले. भाऊ एका कोटाच्या कोपरावर वाकले होते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातला दोरा शेवटपर्यंत ओढला, मग वर बघितलं.

“सहाही एकदम?”

“हो.”

“अभ्रा कसला होता?”

मला वाटलं, थट्टा चाललीय. म्हटलं, “जांभळा. विटलेला. का?”

“वीण सैल असली की त्यांची नाकं खरचटतात.” मग त्यांनी सुई रिळात खोचली, दिवा मालवला आणि भर दुपारी घरी निघाले. मी मागे, शाळेतून तक्रार घेऊन येणाऱ्या पोरासारखी.

घरी त्यांनी कपाटातून कापडाच्या नमुन्यांची जुनी वही काढली. तुकडे काढून टाकले होते आणि पानापानावर चिकटवलेली होती सापांची कात. जो साप घरात वाढवायचा, त्याची जन्मल्यावर टाकलेली पहिली कात. बोटाएवढी रुंद, कांद्याच्या सालीसारखी, पण पांढऱ्या कागदावर ठिगळांची पुसट नक्षी स्पष्ट दिसत होती. आणि तेव्हा मला कळलं की साप कितीही वाढला तरी पाठीवरची ठिगळं वाढत नाहीत की घटत नाहीत. मोठी होतात, संख्या तीच.

मग मोजणी बसली. भाऊ साप हातांतून सरकू देणार, मी मोजणार, वहिनी कागदावर लिहिणार. हातमोजे घालून मोजता येईना, म्हणून काढावे लागले. तो स्पर्श गार नव्हता, ओला नव्हता, चांगल्या रेशमी अस्तरासारखा होता. हे कबूल करायला मला वर्ष लागलं. एकोणिसापर्यंत पोचले की साप माझ्या बाहीत डोकवायचा आणि मी विसरायचे. वहिनी लिहिता लिहिता म्हणाल्या, “शेजारी किती पाहुणे आले ते खिडकीतून बरोबर मोजता, आत्ताच काय झालं?” आठ दिवसांचं पाणी भरल्याचे आभार असे मिळाले.

एकोणतीसवाली सापडली, छत्तीसवाली सापडली. जांभळ्याच्या घरच्या दोन्ही माद्या त्या. एकतीस आणि चौतीस दुसऱ्या घरचे. उरले दोन. दोघंही नर, आणि दोघांची ठिगळं तेहतीस.

आम्ही तीन वेळा मोजलं. तेहतीसच. भाऊ खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला. नर एकच होता. तोच गेला तर माद्या असून नसून सारख्या. वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली.

मी वही ओढून घेतली. दुसऱ्याची खोट शोधण्यात माझा हात धरणारं आमच्या इमारतीत कोणी नाही. लग्नाच्या फोटोत कोणाचं बटण तुटलंय ते मला नवऱ्यामुलाच्या आधी दिसतं. भाऊंचं भिंग घेतलं आणि दोन्ही काती खिडकीपाशी नेऊन बघत बसले. जांभळ्याच्या घरच्या कातीवर मानेमागचं तिसरं आणि चौथं ठिगळ डाव्या बाजूला एकमेकांना चिकटलं होतं, घाईत टाका ओढल्यासारखं. दुसरीवर नव्हतं. भाऊंनी एक साप उजेडात धरला, मग दुसरा. दुसऱ्याच्या मानेमागे तो चुकलेला टाका होता.

भाऊंनी त्याला त्याच्या डब्यात ठेवलं, कडीची चिठ्ठी बदलली आणि मला म्हणाले, “ताई, चहा घेऊनच जा.” एवढंच. रविवारी दुकानवाला आला आणि न्यायची तीच तीन घेऊन गेला.

पुढे जोडी लागली. एका मादीने नाक मुरडलं, छत्तीसवालीने चौदा अंडी घातली. पांढरी, चामड्यासारखी मऊ. भाऊंनी प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलने ठिपका काढला, कारण अंडं उलटं झालं तर आतला जीव गुदमरतो. हवा तसा साप निघायची शक्यता सोळात एक, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. आमचे हे म्हणाले, मग दोन अंडी आधीच कमी पडली की. मी त्यांना कोपर मारलं.

दोन महिन्यांनी अंडी चिरली. दोन वाया गेली, बारांतून नाकं बाहेर आली. पिल्लं दिवसभर तशीच बसून होती, दारातून गल्ली बघावी तशी. मग एकेक बाहेर. साधं, साधं, साधं, एक करडं पण ठिगळांचं, परत साधं, एक रेघांचं पण नारिंगी. शेवटचं निघालं ते उंदराच्या रंगाचं, मळकट, पाठीवर बारीक सरळ रेघ. मी मनात म्हटलं, सहा वर्षं आणि हाती काय, तर राखुंडी. भाऊ आत जाऊन तोंड धुऊन आले, परत बघितलं, परत तोंड धुऊन आले. जांभळा लगेच चढत नाही म्हणे, कातीगणिक चढतो.

आणि चढला. पहिल्या कातीला राख, तिसरीला राखेत गुलाबी झाक आणि पाचव्या कातीनंतर परवा वहिनींनी हाक मारली. भाऊंच्या तळहातावर वेटोळं होतं, संध्याकाळी आकाश विझता विझता होतं तेवढं फिकं जांभळं, आणि मानेपासून शेपटीपर्यंत धावदोरा. एकही ठिगळ नाही. तळमजल्यावरचे आजोबाही काठी टेकत वर आले होते. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि जुनाच मुद्दा काढला की एवढा रंग काही बादलीत बुचकळल्याशिवाय येत नाही. सगळे हसले. मलाही राहवेना. म्हटलं, “भाऊ, आता सगळ्यांसमोर खरं सांगून टाका. कुठला रंग लावलात?”

भाऊंनी पिल्लाला दुसऱ्या तळहातावर घेतलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “मी कुठला लावतोय, ताई. तुमच्याच अभ्र्याचा उतरलाय.”