कोरडा नंबर

माझ्या थोरल्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या हुबळी-धारवाडात सापडणार नाही, आणि वेळ आली की त्यांच्याइतका निर्दयही सापडणार नाही. दाजीबानपेठेत त्यांचं साड्यांचं दुकान. गिऱ्हाईक चाळीस साड्या उलगडून काही न घेता उठलं, तरी हे त्याला चहा पाजून पायरीपर्यंत पोचवायला जात. रिक्षावाल्याला थांबवायचा धीर होत नाही म्हणून आपली गल्ली मागे पडली तरी गप्प बसत आणि पुढच्या नाक्यावरून चालत परत येत.

तेच साडू रविवारी दुपारी दुकानाच्या माडीवर आमच्या पोकरला बसले की निराळे. पैसे लावायचे नाहीत हा आमचा नेम. नऊजणांना प्लास्टिकच्या सारख्या चिप्स, संपल्या की उठायचं, आणि शेवटच्या चौघांना धारवाडी पेढ्यांचा एकेक पुडा. पाचवा थोडक्यात हुकतो आणि हात हलवत जातो. त्याला आम्ही कोरडा नंबर म्हणतो. पाचजण उरले की जो तो त्या कोरड्या नंबराला घाबरून असे, आणि साडूंपुढे ढीग असला तर ते नेमके तेव्हाच चेकाळत. पत्ते कसले का असेनात, दर डावाला ढीग पुढे सरकवायचा आणि समोरच्याकडे प्रेमानं बघायचं. "मी हरलो तरी मला उरतंय की," मला म्हणायचे, "तू हरलास की जिना उतरायचा. टाक पत्ते, तम्मा." एकदा मी चक्क दोन राजे टाकून डाव सोडला. त्यांच्याकडे सत्ती आणि दुरी निघाली. जिंकलेला पुडा मात्र स्वतःसाठी नसे. मुलीला पेढे आवडतात, म्हणून जिन्यातूनच तिला फोन लावत, "आणायलोय गं."

गेल्या वर्षी त्या मुलीनं अळणावरच्या, साध्या नोकरीतल्या एका मुलाशी लग्न ठरवलं. त्या दिवशी मी विद्यानगरला त्यांच्या घरीच होतो. कुणाला कधी 'नाही' न म्हणालेले साडू म्हणाले, "तो, नाहीतर हे घर," आणि तिच्याकडे तसंच प्रेमानं बघितलं. मग स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाले, "तिच्याकडे आहे काय? त्याला सोडते की नाही बघ."

ती उठून आत गेली. मग "अप्पा, मी निघते," म्हणाली आणि एक बॅग घेऊन गेली. मी तिला थांबवायला हवं होतं. पण मलाही पत्ते टाकायचीच सवय. गप्प बसलो, आणि त्याची लाज अजून जात नाही.

आता आम्ही तिला फोन करा म्हटलं की ते म्हणतात, "आणि नाही उचलला तर?"

मागच्या रविवारी पुन्हा पाचजण उरले, आणि निम्म्याहून जास्त चिप्स साडूंपुढे. त्यांनी पत्ते न बघता ढीग ढकलला. या वेळी समोरच्याकडे बघितलंही नाही. मी कसाबसा धीर केला, पत्ते टाकले नाहीत, आणि जिंकलो. पुढच्या डावाला त्यांनी उरलेलं सगळं ढकललं आणि तेही घालवून उठले.

मी जिन्यापर्यंत गेलो. "अण्णा, काय केलंत हे? पुडा तुमचाच होता की."

"होगली बिडु, जाऊ दे," चपला शोधत ते म्हणाले. "पाचव्याला घरी काही न्यावं लागत नाही."

माझा पुडा फडताळात तसाच आहे. अळणावरची बस सकाळी असते. रोज जायचं ठरवतो, आणि रोज राहून जातं.