आंब्यावरचा इग्वाना

स्टील प्लान्टमधून निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्यानं घरी इग्वाना आणला. त्यांच्या एका सहकाऱ्याची बदली झाली होती, त्याला तो सोबत नेता येईना. हिरवागार, सरड्यासारखाच, पण शेपटीसकट माझ्या हाताएवढा लांब.

"अहो, हे काय उचलून आणलं?"

"दक्षिण अमेरिकेतलं हाय. पानं खाते फक्त. तुले काही करत नाही."

इकडे हिंदी मुलखात, बोरसीतल्या आमच्या घरात लेकीची खोली रिकामी होती. ती पुण्याला नोकरीला. तिथं तो राहू लागला. सकाळी जास्वंदाची फुलं तोडली की मी अर्धी देवाला वाहायची, अर्धी त्याच्यापुढे ठेवायची. फूल तोंडात धरून तो कितीतरी वेळ तसाच बसायचा, जणू खायचं विसरला.

दुपारी खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकायचं आणि त्याच्यामागे तोही सरकायचा, इतका हळू की सरकताना मला कधी दिसला नाही. मग तो यांच्या छातीवर चढायचा. खुर्चीत हे, छातीवर तो, दोघांचे डोळे मिटलेले. घर पाण्याखाली गेल्यासारखं शांत व्हायचं. दारात उभ्या उभ्या मलाही पेंग यायची.

"पाहा, कसा जीव लावते," हे म्हणायचे.

लेक फोनवर हसायची. "बाबा, त्याले ऊब पाहिजे. तुमच्या जागी गरम इस्त्री ठेवली तरी येऊन बसन."

हे फोन माझ्या हातात देऊन अंगणात निघून गेले.

वाढत वाढत तो जवळजवळ पलंगाएवढा झाला. खोलीत वळताना त्याची शेपटी भिंतीला घासायची. एका हिवाळ्यात, दुपारी दार उघडं राहिलं आणि तो मागच्या अंगणातल्या आंब्यावर गेला. आम्ही धावलो तेव्हा तो पार शेंड्याला होता. हे खालून हाका मारत होते, हातात जास्वंद. त्यानं पाहिलंसुद्धा नाही. अंग सैल सोडून फांदीवर पसरला होता, चारी पाय खाली लोंबत. पाठीवर नारिंगी झाक चढली होती. खोलीत मी ती कधी पाहिली नव्हती. वारा आला की फांदी हलायची, फांदीसोबत तो हलायचा. यांच्या हाका हळूहळू थांबल्या. आम्ही दोघं मान वर करून नुसते बघत राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. तो गवतात पडलेला सापडला, काळपट, लाकडासारखा ताठ. यांनी अंगातला स्वेटर काढून त्याला गुंडाळलं आणि उन्हात मांडीवर घेऊन बसले. चहा दिला, तो तसाच निवला. दुपारकडे त्याचा एक डोळा उघडला.

संध्याकाळी लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुमी वाचवलं त्याले."

"वाचवलं कावून म्हणतेस? त्याच्या गावाले थंडीच नाही पडत. इथं सोडलं तं मरते, अन् खोलीत ठेवलं तं..."

नंतर यांनी अंगणातलं पेरूचं झाड पूर्ण जाळीत घेतलं, हिवाळ्यासाठी आत ऊब देणारे दिवे लावले आणि त्याला तिथं सोडलं. पुन्हा त्याला छातीवर कधी घेतलं नाही. कोणी "कुठं मिळते?" विचारलं की सांगायचे, "आणू नका."

शेजारच्या एकाला मात्र हवाच होता. सिव्हिक सेंटरच्या बाजाराजवळ पाळीव प्राण्यांच्या दुकानात त्यानं बोलणीही केली होती. यांनी त्याला जाळीसमोर खुर्ची दिली. म्हणाले, "पहले एक दोपहर बैठकर देखो."

तो बराच वेळ बसला. शेवटी म्हणाला, "अंकल, ये दिनभर करता क्या है?"

"मैं भी यही देखता रहता हूँ," हे म्हणाले.

पेरूच्या पानांतून ऊन खाली गळत होतं. तो शेजारचा माणूस अर्धा चहा ठेवून उठला. त्यानं पुढे इग्वाना घेतला की नाही, आम्ही विचारलं नाही.