मागच्या भिंतीची माती

नांदेडच्या एका मुलींच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. नायट्रोजनच्या चक्राचा धडा दरसाल यायचा आणि दरसाल मला त्यातल्या चित्राचा राग यायचा. एक ढग, एक झाड, एक गाय, आणि मधे वळणदार बाण. गाय तर हसतेय असंच वाटायचं. झाडाखालची माती कुणी खणली, कुणाच्या डोक्यावरून रानात गेली, याचा त्या बाणांना पत्ता नव्हता. परीक्षेत विचारतात म्हणून मी ते चित्र फळ्यावर काढून द्यायचे. पण फळ्याकडे तोंड केलं की मला आमच्या घराची मागची भिंत दिसायची.

आमचं गाव अर्धापूरच्या पुढे दोन कोसांवर. काळ निजामाचा, शेवटशेवटचा. कुठंतरी मोठी लढाई चालू होती, आणि ती आम्हांला कळायची ती फक्त लेव्हीमुळे. एकरामागं ठरलेला जोंधळा सरकारात घालायचा, रान पिको न पिको. वसुलीचा गिरदावर चावडीवर येऊन बसला की बाचा आवाज घरातल्या घरातसुद्धा बारीक व्हायचा.

घर मातीचं, माळवदाचं. मागच्या भिंतीला लागून गोठा. कित्येक वर्षं जनावरांचं मूत त्या भिंतीत मुरलं होतं, शेणाच्या सारवणाचे थरावर थर चढले होते. थंडीत तिच्यावर पांढरा खार फुटायचा. वासरं तो चाटायची आणि खोटं कशाला सांगू, मीही चाटायची. जीभ गार पडायची.

बा म्हणायचा, "ह्यो शोरा हाय. बंदुकीच्या दारूत बी ह्योच, अन् कणसात बी ह्योच."

बानं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याचं हे एक वाक्य नीट कळायला मला कॉलेजापर्यंत जावं लागलं.

माणसं राहतात ती पांढरी आणि पिकते ती काळी, असं आमच्याकडे म्हणतात. जुनी भिंत पडली तर तिची माती कुणी वाया घालवत नसे. गाडीत भरून रानात नेत आणि पसरत. माणसांनी आणि जनावरांनी घरात जे सांडलं, मुरवलं, ते शेवटी काळीच्या पोटात जायचं. यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

आमच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, उगवतीकडच्या कोपऱ्यात, माझा भाऊ पुरलेला होता. माझ्या पाठचा. नऊ दिवसांचा होऊन गेला. दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, आणि आमच्या घरात तर ते फार लांबही नेत नसत. बारशाची तयारी झालेली होती. बाळाच्या आधी पाळण्यात घालायचा लहान वरवंटा मायनं घासूनपुसून ठेवला होता. नंतर तो वरवंटा घरात कुठं दिसेना. मी विचारलं तर माय म्हणाली, "फुटला." बाळाचं नाव ठेवायचंच राहिलं, त्यामुळं त्याची आठवण काढायची तरी कोणत्या नावानं काढणार? त्या कोपऱ्यात माय कुणाला खरकटं पाणी टाकू द्यायची नाही, एवढंच काय ते होतं.

मी नऊ वर्षांची असताना गावात बुळकांडी आली. गुरांचा तो रोग म्हणजे गोठेच्या गोठे रिकामे. आठ दिवसांत आमची चार जनावरं गेली, एक बैल उरला. जनावरं गेली तसं शेण गेलं, शेणाबरोबर खतही गेलं. ओढ्याकडच्या पट्टीचा कस आधीच गेलेला होता. तिथं हरभरा नाहीतर तूर घेतली असती तर रान सुधारलं असतं. त्याला बेवड म्हणतात. अशा पिकांच्या मुळांना बारीक गाठी असतात, त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून मातीत आणतात. हवेच्या पाच भागांत जवळजवळ चार भाग तोच आहे, आणि जोंधळ्याला मात्र त्यातला कणही घेता येत नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा, म्हणतात ते हेच. बाला जिवाणू ठाऊक नव्हते, बेवड पक्का ठाऊक होता. पण गिरदावरला जोंधळाच लागत होता, आणि आमच्या पोटांनाही भाकरच लागत होती. त्या साली ती पट्टी पिकली नसती तर लेव्ही भरून आमच्या घरात खायला दाणा उरला नसता.

म्हणून वैशाखात बानं मागची भिंत उतरवायची ठरवली.

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "न्या भिंत. समदी न्या. त्यो कोपरा तेवढा सोडा."

"हाव," बा म्हणाला. "त्याला हात लावत न्हाई."

माती काढायच्या तिन्ही दिवशी माय धसकटं वेचायला रानात गेली. ते बघवणार नव्हतं म्हणून गेली, हे मला आता कळतं. शेजाऱ्याची गाडी आणि त्याचा एक बैल आणला होता. बा खणायचा, थोरला भाऊ गाडीवर उभा राहून माती रिचवायचा आणि मी टोपली वाहायची. तिसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा भाऊ गाडी घेऊन रानात गेला आणि परत आल्यावर म्हणाला, पट्टीचा वरचा तुकडा तसाच राहिलाय, आणखी माती पाहिजे. भिंत तर संपली होती.

बा कोपऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. भावाला त्यानं प्यायचं पाणी आणायला आडावर धाडलं. मग खाली बसून चिमूटभर माती बोटांत कुस्करून पाहिली. तिथली माती काळसर, भुसभुशीत होती. एवढी चांगली माती साऱ्या भिंतीत निघाली नव्हती. त्यानं कुदळ घेतली आणि आवाज होऊ नये अशी हळू चालवली. पाच टोपली निघाली. हाड वगैरे काही दिसलं नाही, मातीच होती, मधेमधे भिंतीचे दगडगोटे. पाचवं टोपलं त्यानं माझ्या डोक्यावर ठेवलं तेव्हा माझी मान कलली, इतकं ते जड होतं.

"मायला सांगू नगंस," तो म्हणाला. त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते.

"न्हाई सांगत," मी म्हटलं.

नंतर त्यानं कोपऱ्यावर आसपासची ढेकळं टाकून तो होता तसा करून ठेवला.

पाऊस झाला, जोंधळा पेरला. वरच्या तुकड्यातला जोंधळा इतका गर्द हिरवा आला की वाटेनं जाणारा थांबून बघायचा. लोक बाला म्हणायचे, लई नशीबवान बाबा तू. बा नुसता हूं करायचा. लेव्ही भरूनही आमची कणगी भरली. त्या वर्षी गावात कितीतरी घरांत एका वेळची चूल पेटत होती, आणि आम्ही दोन्ही वेळा जेवलो.

माय जेवली नाही. म्हणजे जोंधळ्याची भाकर तिनं वर्षभर खाल्ली नाही. मुगाच्या घुगऱ्या, वरणाचं पाणी, कधी पालेभाजी एवढ्यावर राहायची. विचारलं तर म्हणायची, "नेम धरलाय." गालफडं बसली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. बा तिच्यासमोर मान खाली घालून जेवायचा. आम्हां दोघांना मात्र ती ताटावरून उठू द्यायची नाही. "एवढी चतकोर खा. एक घास ऱ्हायलाय, त्यो टाकायचा न्हाई." ताटात कण राहिला तरी रागवायची, आणि ती रागावणारी बाई नव्हती. पुढच्या साली त्या पट्टीत तूर घेतली, तेव्हा तिचा नेम सुटला.

पुढं निजाम गेला, शाळा मराठी झाल्या, मी शिकले, मास्तरीण झाले. बा म्हातारा होऊन गेला. आमचं दोघांचं गुपित मग माझ्या एकटीकडे राहिलं, आणि मला त्याची लाज वाटायची. मायच्या हातचं जेवताना तर फारच.

एकदा वर्गात हाच धडा चालला होता. एका मुलीनं विचारलं, "बाई, माणूस मेल्यावर त्याच्यातला नायट्रोजन कुठं जातो?"

मी सांगितलं, जाळलं तर बहुतेक हवेत. पुरलं तर मातीत, मातीतून पिकात, पिकातून खाणाऱ्यात. सांगून झालं आणि मी पुस्तक मिटलं. उरलेला तास मुलींना मनातल्या मनात वाचायला सांगितलं.

त्या शनिवारी गावी गेले. माय चुलीपुढं भाकरी करत होती, मी ताट घेऊन शेजारी बसलेली. खरं तर सरळ सांगायचं होतं की माय, बानं त्या कोपऱ्याला हात लावला होता आणि टोपलं मी वाहिलं होतं. पण भित्र्या माणसाला शास्त्राचा आधार फार. मी ढगापासून सुरुवात केली. जिवाणू झाले, मुळांवरच्या गाठी झाल्या, शोरा झाला. जगात काही नाहीसं होत नाही, नुसतं इकडचं तिकडं जातं, असं बरंच काही. शेवटी कसाबसा तो कोपरा सांगितला.

माय उठली. फळीवरच्या डब्यामागून तिनं एक लहान वरवंटा काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"श्रावणात खुरपताना घावला," ती म्हणाली. "वरच्या तुकड्यात. मीच घातला व्हता त्याच्या उशाला. पाळणा न्हाई मिळाला, वरवंटा तरी संगं असू दे म्हनलं."

पाचवं टोपलं जड का होतं, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

"मग बाला काही बोलली का नाहीस?"

"काय बोलू? त्यानं तुमच्या पोटासाठी केलं. बोलले असते तर त्याच्या गळ्याखाली घास उतरला असता का?"

"म्हणून तू खात नव्हतीस."

"मी माय हाय. माझ्या गळ्याखाली कसा उतरंल?"

"आणि आम्हांला बळंबळं खाऊ घालत होतीस."

तव्यावरची भाकर तिनं निखाऱ्यावर धरली. ती फुगली तशी मायनं खाली उतरवली.

"तुमच्यात तरी ऱ्हाईल म्हनलं," ती म्हणाली. "दुसरी कुठं जागा व्हती त्याला?"

ती भाकर तिनं माझ्या ताटात टाकली. माझं पोट भरलेलं होतं. तरी मी ती सगळी खाल्ली, ताटात कणसुद्धा ठेवला नाही.