कशावरूनची सही

त्याला सगळे 'कशावरून' म्हणतात. कोणी काही बोललं की हा मान तिरकी करून विचारणार, "कशावरून?" पाऊस येईल म्हणा, अमका पुढारी भला माणूस आहे म्हणा, याचा प्रश्न ठरलेला. लग्न ठरायच्या आधी बायको लाजत लाजत म्हणाली होती की तुम्ही मला आवडलात, तर तिलासुद्धा हेच विचारलं मेल्याने. तरी तिने लग्न केलं. तिच्या सहनशक्तीला मात्र पुरावा लागत नाही.

कामाने तो लिफ्ट मेकॅनिक. अठ्ठावीस वर्षं याच धंद्यात. लोक म्हणतात वर कोणीतरी बसलंय. हा म्हणतो, मी रोज वरच असतो, गच्चीच्याही वर, मशीन-रूममध्ये. मला कबुतरं भेटली, पाली भेटल्या, अजून तरी दुसरं कोणी भेटलं नाही. भेटलं तर कळवेन. धर्मगुरूंशी त्याचं वाकडं नाही. माणूस गोड असेलही, पण देवाच्या वतीने बोलतोय ना, मग अधिकारपत्र दाखव, एवढंच त्याचं म्हणणं. राजकारणाचंही तेच. चहाच्या टपरीवर कोणी 'सगळे पक्ष सारखेच' म्हणालं, की सगळ्यांना वाटतं हा आता मान डोलावणार. तर हा त्यालाच धरतो. सारखे कशावरून? मोजलेस का? मत मात्र दर खेपेला देतो, रांगेत सगळ्यांच्या पुढे. मतदान म्हणजे लिफ्टचं सर्व्हिसिंग, म्हणतो. केल्याने लिफ्ट स्वर्गात नेत नाही, पण नाही केलं तर खाली घेऊन येते.

बायको अगदी उलट. झोपायच्या खोलीत कोपऱ्यात तिची एक फळी आहे, त्यावर देव आणि धर्मगुरूंनी मंतरून दिलेल्या तेलाची छोटी बाटली. लवंगेचा वास येतो त्या तेलाला, उग्र आणि गोड. फळी ठोकून दिली होती यानेच, आणि ती सरळ आहे का हे तीन वेळा तपासलं होतं. तिथे बघून हसायचं नाही हा त्याचा करार, आणि त्याच्या आत्म्याचं काय होणार हे विचारायचं नाही हा तिचा. चोवीस वर्षं दोघांनी तो पाळला.

तर त्या दिवशीची गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी सात मजल्यांची नवी इमारत उभी राहिली होती. खाली दवाखाना, वर सातव्या मजल्यावर प्रार्थनागृह. पैसा एका बड्या पुढाऱ्याचा, आणि निवडणूक महिन्यावर आलेली. साडेचारला उद्घाटन. लिफ्टच्या पहिल्या फेरीत पुढारी, धर्मगुरू आणि कशावरूनची बायको. ती कशी, तर सगळी व्यवस्था तिच्या धाकट्या भावाकडे होती. आई गेल्यावर हिनेच त्याला आपल्या घरी आणून लहानाचा मोठा केला. आता तो पक्षाचं काम करायचा, आणि आज सातव्या मजल्यावर पुढारी त्याची उमेदवारी जाहीर करणार होता. मेहुण्याने नवे कपडे शिवले होते. ताईने ते दोनदा इस्त्री केले होते.

लिफ्टमध्ये माणसं बसवायची तर फिटनेसच्या कागदावर मेकॅनिकची सही लागते. आदल्या संध्याकाळी कशावरूनने लिफ्टमध्ये वाळूच्या गोण्या भरून पुरी चाचणी केली होती. ब्रेकने दगडासारखं धरलं. दुसरा कोणी असता तर तिथेच सही करून मोकळा झाला असता. हा म्हणाला, कालचं काल. सकाळपासून तो खालच्या खड्ड्यात उतरून स्प्रिंगा बघत होता. दुपारी बायको डबा घेऊन आली. हा खड्ड्यात, म्हणून ती नेहमीसारखी वर मशीन-रूममध्ये डबा ठेवून गेली.

तीन वाजता त्याने भरलेल्या गोण्यांसकट लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबवली. थांबली. मग चार बोटं खाली सरकली.

तो बघत राहिला. पुन्हा वर घेतली, पुन्हा थांबवली. पुन्हा सरकली, अगदी हळू, जिन्यावरून म्हातारं माणूस उतरतं तशी. रिकामी लिफ्ट पन्नास वेळा वर-खाली करा, काही कळणार नाही. आत दहा माणसं उभी राहिली की मग कळणार, आणि तेव्हा ते कळून उपयोग नाही.

जिन्याने तो वर गेला. मशीन-रूममध्ये डबा हत्यारांच्या पेटीवर नीट ठेवलेला होता, वर रुमाल. ब्रेकच्या चाकावर एक पातळ चकाकी दिसत होती. त्याने बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

लवंग.

कशावरून पेटीवर खाली बसला. या चाकाला तेल लागता कामा नये, पकड सुटते, हे जगातल्या प्रत्येक मेकॅनिकला माहीत असतं, मेकॅनिकच्या बायकोला कशाला असेल? तिला चाक दिसलं, त्याच्याखाली रोज वाकणारा नवरा आठवला, आणि तिने दोन थेंब सोडले. बास. घड्याळात सव्वातीन. थिनरने चाक पुसायचं, तेल प्यायलेलं ब्रेकचं लायनिंग काढून नवं बसवायचं, पुन्हा चाचणी करायची. नवं लायनिंग पिशवीत होतं. हा माणूस प्रत्येक वस्तू जोडीने घेऊन फिरतो. पण वेळ लागणार होता तो अडीच तास.

तेवढ्यात मेहुणा धापा टाकत वर आला. एका हातात कागद, दुसऱ्यात पेन.

"भाऊजी, सही करा. गाड्या चौकातून निघाल्यात."

ब्रेक सरकतोय, असं कशावरून म्हणाला. सहापर्यंत लिफ्ट चालणार नाही.

मेहुण्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. काल धरलं होतं, सगळ्यांनी बघितलं होतं, असं तो म्हणाला. पुढारी गुडघ्याने अधू, सात मजले चढणार नाही. वर गेला नाही तर जाहीर काय करणार, कपाळ? दुसरा एक जण कधीपासून टपून बसलाय. मग त्याने आवाज खाली आणला.

"काल धरलं ना? मग आज धरणार नाही, हे कशावरून? सांगा ना. एकदा मलाही पुरावा द्या."

पुरावा मुठीत होता. बोट नुसतं पुढे केलं असतं तरी पुरे. त्या फळीखाली लहानाचा मोठा झालेला पोरगा, एका श्वासात त्याने ओळखलं असतं. आणि मग? ताईने, त्याच्या ताईने, त्याचा दिवस बुडवला, हे त्याला आयुष्यभर सलत राहिलं असतं, तिलाही. शिवाय असा पुरावा! मंतरलेल्या तेलाने प्रार्थनागृहाची लिफ्ट घसरते. टपरीवर दहा वर्षं पुरला असता. अठ्ठावीस वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते आपल्या पायांनी चालत आलं होतं, तेही डब्यासोबत.

त्याने हात खिशात घातला.

"मी तुझ्या ताईशी कधी खोटं बोललोय?"

"नाही."

"ती पहिल्या फेरीत आहे. मग आज पुरावा मागू नकोस. माझ्यावर विश्वास ठेव."

खालून मोटारींचे हॉर्न ऐकू आले.

"तुम्ही म्हणताय हे? विश्वास ठेव?"

"हो. मलाही बोलताना जीभ अडखळली."

एवढा वेळ मेहुणा पेनाचं टोपण काढ-घाल करत होता. शेवटी त्याने ते लावलं, कागदाची घडी केली आणि जिन्याकडे गेला. कशावरून त्याच्या पावलांचा आवाज ऐकत राहिला. पोरगा खाली जाऊन दुसऱ्याच कोणाची सही मारून आणतो की काय, ही भीती त्याला पावलं तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरेतो होती. मग त्याने थिनरची बाटली उघडली.

पुढारी खाली दवाखान्यातच फीत कापून, चार वाक्यं बोलून निघून गेला. धर्मगुरू मात्र रुग्णांच्या बाकावर बसून राहिले, शेजारच्या बाईला पायाच्या दुखण्यावर औषध विचारत. सहाला सही झाली. पहिल्या फेरीत ते, बायको आणि मेहुणा वर गेले. लिफ्ट सातव्यावर थांबली आणि जिथे थांबली तिथेच राहिली.

उमेदवारी दुसऱ्यालाच मिळाली. मेहुणा महिनाभर भाऊजींशी बोलला नाही. पण सही का अडवली, हे त्याने कधी विचारलंही नाही.

त्या संध्याकाळी घरी बायको भांडी जरा जास्तच आपटत होती. असं काय बिघडलं होतं त्या ब्रेकचं एका दिवसात, तिने विचारलं.

"उद्यापासून ते तेल माझ्या हाताला लाव," तो म्हणाला. "चाकाला नको."

तिच्या हातातली वाटी तशीच राहिली. ती हळूच म्हणाली,

"मीच लावलं, कशावरून?"

त्याने बोट तिच्या नाकाखाली धरलं. साबणाने दोनदा धुऊनही वास गेला नव्हता. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. हा शेजारी बसून राहिला.

आता रोज सकाळी निघताना ती त्याच्या तळहाताला एक थेंब लावते. तो मुकाट्याने हात पुढे करतो, आणि कामावर पोचल्यावर ब्रेकला हात लावायच्या आधी थिनरने पुसून टाकतो. बायकोला हे माहीत नाही, असं त्याला वाटतं. कशावरून वाटतं, ते मात्र त्याने अजून स्वतःला विचारलेलं नाही.