नोहाच्या आठवड्यातली गच्ची

घड्याळ, कॅलेंडर आणि सोसायटीचे अध्यक्ष या तिघांवरही विश्वास न ठेवणारा माणूस मी लातुरात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या शेजारचे गुरांचे डॉक्टरकाका. काका यहुदी, मूळ कोकणातले. पण चाकूर, औसा, कंधार इथल्या जनावरांत जन्म गेल्यामुळे बोलणं पक्कं इकडचं. त्यांचा धर्मग्रंथ तोरा. तो वर्षभराला वाटून दर शनिवारी एक भाग, म्हणजे एक पाराशा वाचायचा, अशी रीत. काकांचं सगळं पंचांग त्यावरच चाले. दिवाळीच्या आगेमागे जलप्रलयाचा, नोहाचा आठवडा लागला की ते गच्चीवर चढून पाणी जायचं भोक मोकळं करत. नळाला पाणी कधी येईल याचा पत्ता नसलेल्या गावात प्रलयाची तयारी करणारं हे एकच घर. आषाढात गाढव बोलल्याचा पाराशा येई. मी एकदा शंका काढली, तर अध्यक्षांकडे बघत काका म्हणाले, "गाढवं लई तपासली, बोललं एक बी न्हाई. ऐकणारा बी तसा लागतो की." अध्यक्ष आठवडाभर फुगून होते.

पण वर्षातल्या एका सणाला काका हळवे व्हायचे. त्या सणाला तोराचं वाचन संपतं आणि त्याच बैठकीत पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ते वाचन समाजात व्हायला दहा पुरुष लागतात, म्हणून काका दरवर्षी ठाण्याला लेकीकडे जात. त्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. ठाण्याला जाणं रद्द झालं. ही दहाची अडचण कुठूनतरी अध्यक्षांच्या कानावर गेली आणि माणसं जमवण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नाही. सणाच्या सकाळी टोप्या घातलेले आम्ही दहाजण, नारळ आणि भलामोठा हार असं सगळं घेऊन अध्यक्ष काकांच्या दारात हजर.

"काका, दहा माणसं आणलोय बगा."

काकांनी चष्मा पुसला. "दहा यहुदी लागतेत. मोजणीत तुम्ही येत न्हाई," ते म्हणाले, आणि मग दार सताड उघडून, "पण ऐकायला या."

हार त्यांनी अध्यक्षांच्याच गळ्यात घातला, अध्यक्ष खूश. मग काकांनी छापील पोथीतून मराठीत वाचलं. लोकांना गुलामीतून बाहेर काढणारा मोशे डोंगरावरून देवाने कबूल केलेला, वचनाचा देश बघतो, आणि तिथे न पोचताच मरतो. लगेच त्यांनी पहिलं पान उघडलं.

"आत्ताच तर संपलं की," अध्यक्ष म्हणाले.

"गाय एकदा गिळून थांबत न्हाई. रवंथ करती, तवा अंगी लागतं."

पुढल्या वर्षी लेक काकांना कायमचं ठाण्याला घेऊन गेली. तिथे दहा माणसं आहेत, याचा मला आनंदच आहे. हल्ली दिवाळीच्या सुमारास अध्यक्ष कुणी न सांगता गच्चीवर जातात, भोकातला पाला काढतात आणि खाली येऊन मला विचारतात, "काकाचा कोणता आठवडा चालू असंल हो?" मला नेमका सांगता येत नाही, आणि याचं फार वाईट वाटतं.